आत्याच्या माहेरचा कांदा

आत्याच्या गावात माझ्याविषयी एकच गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. ही बाई पांदणीत उभी राहून माश्या मोजते. "शिकली-सवरली, नोकरी लागली, आता काय कमी पडलं म्हनून माश्या?" असं पारावरच्या एका आजोबांनी मला तोंडावर विचारलं होतं. मी म्हटलं, "आजोबा, तुम्ही दिवसभर येणारे-जाणारे मोजता, मी माश्या मोजते. तुमच्यापेक्षा माझं बरं, माश्या उलटून बोलत नाहीत." तेव्हापासून मी दिसले की ते पारावर सरकून जागा करतात.

मी बुलढाण्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि जमेल ती सुट्टी उंद्रीजवळ आत्याच्या गावी काढते. गावातून निघून शेतांमधून डोंगराच्या पायथ्याला जाणारी जुनी गाडीवाट आहे, तिला आमच्याकडे पांदण म्हणतात. दोन्ही अंगांना बोराटी, हिवर, रुई, घाणेरी यांची दाटी आणि मधे एक बैलगाडी जाईल एवढी जागा. वर डोंगराला थोडं झुडपी रान उरलं आहे, खाली गावाजवळ गायरानाचा एक तुकडा उरला आहे, आणि मधे सगळं सोयाबीन नाहीतर हरभरा. या तुकड्यातली माशी त्या तुकड्यात पोहोचते का, आणि पोहोचत असेल तर पांदणीच्या आधाराने पोहोचते का, एवढंच मला बघायचं होतं. आत्याला मी सोपं करून सांगितलं, की उघड्या शेतावरून लहान माशी लांब जात नाही, तिला थांबत, खात, दम घेत जायला झुडपं लागतात.

"म्हंजे मी उंद्रीच्या बाजारात जातो तशी," आत्या म्हणाली.

अगदी तशी. वाटेत चार घरी बसल्याशिवाय आत्याला उंद्री कधी गाठता आलेली नाही.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा नोकरीपायी लांब, शेत तीच बघते. तोंडाने फटकळ, आणि फटकळपणा आमच्या घराण्यातच आहे, त्यामुळे आमचं चांगलं जमतं. तिच्याजवळ एक कांदा आहे. लग्नात तिच्या आईने त्याचं बी रुमालाच्या गाठीत बांधून दिलं होतं. फिक्कट गुलाबी, जरा चपटा, दिसायला यथातथाच. पण बुक्कीने फोडला तर समोर बसलेल्याच्याही डोळ्यांत पाणी यावं, आणि ठेवला तर दिवाळीपर्यंत कुजायचं नाव नाही. पुढे आमच्या आजोबांची शेती गेली, वडील शहरात आले, त्या गावात आता आमचं कुणी नाही. आत्याच्या माहेरचं म्हणावं असं जगात जे काही उरलं आहे ते म्हणजे हा कांदा. तो माझ्याही घरचा कांदा आहे, म्हणून मलाही त्याचं फार आहे, हे इथे सांगून टाकते.

कांद्याच्या बियाचं एक वाईट असतं, ते थांबून राहत नाही. गहू-ज्वारीसारखं कणगीत टाकून विसरता येत नाही, वर्ष उलटलं की उगवणं सोडतं. वय झाल्यापासून आत्याने एक नेम धरला होता. एका वर्षी कांदा करायचा, त्यातले निवडक गड्डे राखून ठेवायचे, पुढच्या वर्षी ते लावून त्यांचे डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येऊ द्यायचे, वर फुलांचे गोंडे धरले की त्यातून बी घ्यायचं. म्हणजे ज्या वर्षी बी धरायचं, त्या वर्षी घरात ना कांदा राखलेला, ना जुनं बी. सगळा जीव त्या पाच-सहा वाफ्यांत.

आणि ते वाफे गावापासून लांब, पांदणीच्या पार टोकाला. कारण गावाजवळ बऱ्याच जणांचे कंपनीच्या कांदाबियाचे प्लॉट असतात. तिकडचा पराग माशीच्या अंगावर बसून इकडे आला की कांदा भेसळला. आत्याला हे कुणी शिकवलं नव्हतं, तिच्या आईनेच सांगितलं होतं की दुसऱ्याच्या कांद्याशेजारी आपला फुलवू नको. म्हणून हा कांदा एकटा, आणि त्याच्या सोबतीला पांदणीतल्या माश्या. विशेषतः फुलोरी. ही सगळ्यांत लहान मधमाशी, झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं एकच पोळं करते आणि फार लांब जात नाही.

तर ही पांदण आत्यानेच तोडायला लावली.

आदल्या पावसाळ्यात काळ्या मातीचा असा राडा झाला होता की सोयाबीन काढून शेतात पडलं आणि ट्रॅक्टर आत जाईना. शेतवस्तीवरची एक सून अवघडलेली, तिला चौघांनी बाजेवर घालून चिखलातून सडकेपर्यंत आणली. बाई आणि बाळ सुखरूप राहिले, पण ती बाज आत्याच्या बांधावरूनच गेली होती. त्यानंतरच्या ग्रामसभेत आत्या उभी राहिली आणि म्हणाली, की पांदण मोकळी करा, दोन्ही बाजूनं करा, अन यंदाच करा. आत्याने एकदा "यंदाच" म्हटलं की सरपंचही डोकं खाजवत नाही.

मला हे फोनवर कळलं. मी तशीच एसटीने गाव गाठलं आणि उंबऱ्यातच सुरू झाले. माझा अभ्यास त्या झुडपांवर चाललाय हे तुला माहीत होतं, एक शब्द तरी बोलायचास.

"तुले माश्या दिसून राह्यल्या, मले चिखल दिसून राह्यला," आत्या म्हणाली. "तू बाजेवर निजून जाय एकडाव त्या पांदणीनं, मंग सांग."

तिचं चूक नव्हतं. पण राग तो राग. मी तिच्या हातचा झुणका न खाता परत निघाले आणि चिखलीच्या स्टँडवर थंडगार वडे खाल्ले. बऱ्यापैकी शिक्षा झाली ती मला.

हिवाळा लागता लागता मशीन आलं आणि पांदण साफ झाली. दोन्ही बाजूंची झुडपं उचकटून रस्ता रुंद केला, मुरूम टाकला. ट्रॅक्टर सुसाट पळू लागले. खरं सांगायचं तर मलाही चालायला बरं वाटलं आणि त्याचाही राग आला. माझ्या कामापुरतं बोलायचं तर ते बुडालं नाही. आधी काय होतं हे मी मोजून ठेवलं होतं, आता नंतर काय होतं ते मोजायचं. पण संक्रांतीच्या सुमारास आत्याचे वाफे फुलले आणि मी तिथे जाऊन बसले तेव्हा मोजायला काही नव्हतं. पांढरेशुभ्र गोंडे वाऱ्यावर डुलत होते आणि माशीचा आवाज नव्हता. एरवी त्या वाफ्यात उभं राहिलं की कानाशी सारखी गुणगुण असायची.

"येतीन," आत्या म्हणाली. "थंडी हाय."

थंडी जरा ओसरली तरी आल्या नाहीत. मग आत्या घाबरली. ती घाबरली की बोलणं कमी करते आणि भांडी जास्त आपटते. बी धरलं नाही तर काय, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

आमच्या भागात बी-प्लॉटवाल्यांचा एक ठरलेला उपाय आहे, गुळाचं पाणी. माशी गोडाला येते, तर गोंड्यांवर गुळाचं पाणी फवारा. मी तिला बजावलं होतं की असलं काही करू नको. पण मी परीक्षेच्या ड्यूटीला बुलढाण्यात, आणि आत्याने अख्खी ढेप विरघळवून पंपात भरली. पुढच्या खेपेला जाऊन बघते तो वाफ्यांना मुंगळ्यांच्या रांगा. चार माश्या कुठून तरी चुकत आल्या होत्या, त्या पातीवरचा गूळ चाटून फुलाकडे न बघता निघून गेल्या.

"आत्या, पाहुण्यांना दारातच जेवू घातलंस," मी म्हटलं. "घरात कशाला येतील ते?"

"हस तू," आत्या म्हणाली. पण दोन गोंडे मुंगळ्यांसकट धुताना तीही हसली.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. एकाने सांगितलं, वाफ्यात सुके बोंबील टांगा, वासाने घरमाश्या येतात आणि त्यांनीही काम होतं. यात तथ्य आहे, पण आत्याने त्याच्याकडे असं काही बघितलं की तो चहा न घेता उठला. दुसऱ्याने माश्यांच्या पेट्या आणून ठेवायला सांगितलं. पण त्या पेट्या गावाजवळच्या प्लॉटवरून येणार, आणि त्यातली मोठी माशी पुन्हा तिकडेही जाऊन येणार. ती इकडचं तिकडे करणार. "नगं," आत्या म्हणाली. "भेसळीचं बी धरल्यापक्षा न धरलेलं बरं." आणि दुसऱ्या सकाळी दव सुकल्यावर ती स्वतः वाफ्यात उतरली आणि तळहात एका गोंड्यावरून फिरवून दुसऱ्यावर फिरवू लागली.

मीही उतरले. माशीचं काम हाताने करणं किती अवघड असतं हे मला पुस्तकांतून ठाऊक होतं, पाठीतून आता कळलं. एका गोंड्यात फुलं ढीगभर, पण ती एकदम उमलत नाहीत, रोज थोडी थोडी. शिवाय प्रत्येक फुलाचा पराग आधी सुटतो आणि त्याच फुलाची बी धरायची वेळ मागाहून येते. म्हणजे आज याचा पराग त्याला, उद्या त्याचा याला. एकदा हात फिरवून भागत नाही, फुलोरा संपेपर्यंत रोज फिरवायचा. हे सगळं मी आत्याला समजावलं.

"म्हंजे नवरदेव सजला तवा नवरी तयार नाई, अन नवरी सजली तवा नवरदेव गायब," ती म्हणाली. माझ्या विद्यार्थ्यांना मी आता हे असंच शिकवते.

पण तिच्या मनगटाला सूज आली आणि मी रोज येऊ शकत नव्हते. तेव्हा धुऱ्यापलीकडची, म्हणजे बांधाला बांध लागलेली, शेजारीण आली. या दोघींची मैत्री जुनी आणि धुऱ्यावरून भांडणही तितकंच जुनं. शेजारणीचं घर बौद्ध, त्यांच्यात हळदीकुंकू नसतं. आणि आत्याला यजमान गेल्यापासून कुणी हळदीकुंकवाला बोलावत नाही. संक्रांत ते रथसप्तमी गावातल्या सगळ्या बाया नटूनथटून या घरून त्या घरी वाण घेत फिरतात, तेव्हा या दोघी आपापल्या शेतात असतात.

शेजारीण धुरा ओलांडून वाफ्याशी आली. मग म्हणाली, "मी काई हळदीकुंकवाले जात नाई, तुमाले कोनी बलावत नाई. चाला, आपन दोघी कांदे कुरवाळू."

असं म्हणून तिने पदर खोचला. तिने काही हंगाम शेडनेटमध्ये मिरचीचं क्रॉसिंग, म्हणजे हाताने पराग लावायचं काम केलेलं, हात हलका. दोघी समोरासमोरच्या वाफ्यांतून पुढे सरकत राहिल्या आणि तोंडं चालू राहिली. कुणाच्या सुनेपासून कुणाच्या म्हशीपर्यंत सगळं निघालं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेतवस्तीवरची ती बाजेवरून गेलेली सून बाळाला कडेवर घेऊन आली. "माह्याच पायी पांदन तुटली म्हंतात," ती म्हणाली. आत्याने बाळ स्वतःकडे घेतलं, तिला वाफा दाखवला आणि म्हणाली, "तुह्या पायी नाई तुटली, माह्या तोंडापायी तुटली. तू ह्या अंगानं धर." मग आणखी दोघी आल्या, मग चौघी. हळदीकुंकवाला निघालेल्या बाया जरीच्या साडीवर वाफ्यात उतरलेल्या मी पाहिल्या आहेत. उखाणे घेऊन झाले, कांद्यालाच नवरा म्हणून नाव घेऊन झालं. एकीने आत्याला विचारलं, "पन आत्याबाई, वान काय देता?"

आत्या गोंड्यावरून हात न काढता म्हणाली, "धरलं तं बीच देईन. चिमूट चिमूट."

संध्याकाळी मी तिला विचारलं, खरंच देणार? आजवर तिने हे बी कुणाला दिलेलं नव्हतं. सख्ख्या जावेला नाही. "माहेर काय वाटाची वस्तू हाय?" असं म्हणायची. आता ती म्हणाली, "बोलून बसलो. पाहू." मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, आत्या, मी वर्षानुवर्षं हेच बघते आहे. जे एकाच तुकड्यात उरतं त्याचं काही खरं नसतं. एक आग, एक पाऊस, की संपलं. चार जागी असलं तर एका जागचं गेलं तरी दुसरीकडून येतं.

"माश्याईचं सांगून राह्यली का मले?"

"माश्यांचंच. पण कांद्यालाही लागू आहे."

बी धरलं. फार नाही, दरवर्षीच्या मानाने निम्मंच म्हणा, पण धरलं. उन्हाळ्याच्या तोंडाशी गोंडे फुटून आत काळे दाणे दिसले तेव्हा आत्याने मला फोन केला आणि "धरलं" एवढंच म्हणून ठेवून दिला. मी वर्गात होते. पोरांना म्हटलं, आज लवकर सुट्टी.

तिने शब्द पाळला. दिवसाउजेडी एकेकीच्या घरी जाऊन कागदाच्या पुडीत चिमूट चिमूट दिली. पुडी देताना प्रत्येकीला "फेकून देऊ नको वं" असं दटावून आली. आणि त्याच उन्हाळ्यातल्या ग्रामसभेत, पांदणीच्या कडेला मुळांतून बोराटी पुन्हा फुटायला लागली होती ती खरवडून काढायचा विषय निघाला, तेव्हा ती परत उभी राहिली. म्हणाली, की एका अंगाची खरवडा, दुसऱ्या अंगाची राहू द्या. रस्ता तेवढ्यात होतो.

"मांग तं दोनी बाजूनं म्हने," पारावरचे आजोबा म्हणाले. "आता माश्याईच्या बाजूनं झाली का?"

"माह्या कांद्याच्या बाजूनं हाओ मी," आत्या म्हणाली. दक्षिणेकडची बाजू राहिली.

खरा घाव पुढे होता. पावसाळा सरला असं समजून आत्याने उरलेलं सगळं बी रोपाला टाकलं. ठेवून उपयोग नसतोच, म्हणून एक दाणाही मागे ठेवला नाही. रोप बोटभर झालं आणि परतीच्या पावसाने गाठलं. पाणी वाफ्यात साचून राहिलं, रोप पिवळं पडलं, मग कुजलं. मी गेले तेव्हा आत्या ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिने वर पाहिलं नाही. "गेलं माय," म्हणाली. "माह्या हयातीत गेलं." आत्याला रडताना मी यजमान गेले तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर त्या दिवशी. मी तिच्या शेजारी बसून शेंगा फोडत राहिले, कारण मलाही रडू येत होतं आणि हाताला काम बरं असतं.

पुड्यांची आठवण आम्हा दोघींनाही झाली नाही, हे आता खरं वाटत नाही. चिमूटभर बी कुणी मनावर घेतलं असेल असं आम्ही धरलंच नव्हतं.

परवा, डिसेंबरातच, मी तिथे होते. सकाळी शेजारीण दारात आली. तिने बी उशिरा टाकलं होतं, तेही घरामागे उंच गादीवाफ्यावर, त्यामुळे पाऊस तिला लागला नाही. तिच्या हातात हिरव्यागार रोपाच्या जुड्या होत्या, मुळांना ओली माती. मागे ती शेतवस्तीवरची सून, तिच्याही हातात एक जुडी. आणखी दोघी.

"पदर धरा," शेजारीण म्हणाली.

आत्या उठली. कितीतरी वर्षांत तिची ओटी कुणी भरलेली नव्हती. ती नुसतीच उभी राहिली.

"मले ओटी भरता येत नाई," शेजारीण म्हणाली. "आमच्यात नसते. निसता पदर धरा."

आत्याने पदर पसरला. शेजारणीने जुड्या आत ठेवल्या, मग सुनेने, मग बाकीच्या दोघींनी. पदराला मातीचे डाग पडले. आत्याने एक रोप उचलून मुळाकडे पाहिलं, पात चुरगाळून वास घेतला. मलाही दिला. तोच वास होता, डोळ्यांत जाणारा.

"दाट टाकलं होतं वं तुवा," ती शेजारणीला म्हणाली. इथेही दटावणी झालीच. मग सगळ्यांकडे बघत म्हणाली, "म्हंजे आता माहेरी जायचं तं दारोदार फिरा लागीन मले."

"मंग निंगा सकायीच," शेजारीण म्हणाली. "चहा मांडतो मी."